न्यूझीलंडच्या कोरोमंडल रांगेतल्या सोन्याच्या खाणींच्या वाटा: आई-बाबा आणि नऊ वर्षांच्या मुलीसोबत कुठे जावं?

रानजाई:
नमस्कार मंडळी. ऑक्टोबरच्या शेवटी, लेबर वीकेंडच्या सुमारास, आई-बाबा पुण्याहून ऑकलंडला येत आहेत. दोघंही पासष्टीचे. रोज पर्वती चढतात, पण उतरताना बाबांचा उजवा गुडघा दुखतो. मुलगी नऊ वर्षांची आहे, चालायला तयार असते. आम्हा दोघांना राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड एवढा अनुभव आहे. इथल्या डोंगरांचा अजिबात नाही.

कोरोमंडल रांगेत दोन दिवस काढायचे आहेत, दोन्ही वेळा सकाळी निघून रात्री घरी. एका दिवशी सगळे, एका दिवशी फक्त आम्ही दोघं. जुन्या सोन्याच्या खाणी आणि भुयारं बघायची आहेत, बाबांना त्याची फार हौस आहे. करांगाहाके आणि पिनॅकल्स ही दोन नावं सगळीकडे दिसतात. वाट नेमकी कशी आहे, भुयारात शिरणं सुरक्षित आहे का, आणि पाऊस आला तर काय करायचं, एवढं सांगाल का?

गारगोटी:
सगळ्यांसाठी करांगाहाके, दुसरा विचार करू नका. ऑकलंडहून पावणेदोन तास, पाएरोआ सोडलं की दहा मिनिटांत घळ लागते. हायवे २ घळीतूनच जातो, गाडीतळ रस्त्याला लागून आहे. लांब वीकेंडला दहाच्या आत पोचा, नंतर जागा मिळत नाही. गाडीत पर्स, लॅपटॉप काही दिसेल असं ठेवू नका. अशा गाडीतळांवर काचा फोडून चोऱ्या होतात.

गाडीतळावरून झुलत्या पुलांनी नदी ओलांडली की समोर टॅलिस्मन बॅटरीचे काँक्रीटचे चौथरे दिसतात. बॅटरी म्हणजे गारगोटीचा दगड कुटायचा कारखाना. लोखंडी मुसळांची रांग, प्रत्येक मुसळ कॅमने, म्हणजे फिरत्या दांड्यावरच्या दात्याने, उचललं जायचं आणि दगडावर पडायचं. पीठ झालं की ते पाण्याबरोबर पारा चोळलेल्या तांब्याच्या पत्र्यांवरून सोडायचे, सोनं पाऱ्याला चिकटायचं. इथलं सोनं मात्र फार बारीक आणि चांदी-गंधकाच्या खनिजांत अडकलेलं, त्यामुळे मोठा हिस्सा पाण्याबरोबर वाहून जायचा. उपाय सापडला सायनाइडचा. १८८९ मध्ये इथल्याच क्राउन खाणीवर ही पद्धत प्रत्यक्ष खाणीच्या जागी जगात पहिल्यांदा वापरली गेली. सायनाइडच्या द्रावणात सोनं विरघळवायचं आणि जस्ताच्या कातरणावर परत मिळवायचं. वसुली नव्वद टक्क्यांच्या घरात गेली आणि बंद पडायला आलेली खोरी पुन्हा चालू झाली. बाबांना हे चौथऱ्यांपाशी उभं राहून सांगा. आधी माहीत नसेल तर तिथे नुसत्या भिंती दिसतात.

तिथून विंडोज वॉक. सुमारे अडीच किलोमीटरची फेरी, एक तास, फोटो काढत गेलात तर दीड. सुरुवातीला पायऱ्या आहेत, त्या चढल्या की खाणीचे बोगदे लागतात. ते वाइटावेटा नदीच्या कड्याला समांतर खोदलेले आहेत आणि मधेमधे कड्यात खिडक्या पाडल्यात. निरुपयोगी दगड तिथून खाली नदीत लोटायचे. ट्रॉलीचे रूळ काही ठिकाणी अजून जमिनीत आहेत. टॉर्च प्रत्येकाकडे हवा, फोनचा नको. फोन हातात धरला की कठडा धरायला एकच हात उरतो. डोक्याला बांधायचा घ्या. छताकडे बघायला सांगा मुलीला: टॉर्च बंद करून मिनिटभर थांबलं की काजवेअळ्यांचे निळसर ठिपके दिसू लागतात. वेटा नावाचे मोठे, लांब पायांचे कीटकही असतात, काही करत नाहीत.

गुडघ्यासाठी: फेरीतला उतार पायऱ्यांचा आहे, एक काठी पुरेल. बाबांना पायऱ्या नकोच असतील तर रेल्वेचा बोगदा करा. सुमारे १,१०० मीटर लांब, सपाट, आत दिवे आहेत. पाएरोआ ते वाइही ही लाइन १९०५ ला सुरू झाली, १९७८ ला बंद पडली. बोगद्यातून जायचं आणि नदीकाठच्या वाटेने क्राउन बॅटरीच्या अवशेषांवरून परत यायचं, पाऊण ते एक तास. दिवे मंद आहेत आणि सायकलवालेही त्याच बोगद्यातून जातात, म्हणून डाव्या कडेने एकामागे एक चाला आणि मुलीला मधे ठेवा.

उभाकडा:
पिनॅकल्सबद्दल मी लिहितो. ते तुम्हा दोघांसाठीच ठेवा.

थेम्स गावाहून काउआएरांगा खोऱ्यात शिरायचं. सुमारे चौदा किलोमीटरवर डॉकचं, म्हणजे संवर्धन खात्याचं, माहिती केंद्र आहे. तिथे थांबून वाट चालू आहे ना हे विचाराच. पुढचा नऊएक किलोमीटर रस्ता कच्चा आणि अरुंद आहे. शेवटच्या गाडीतळावरून वेब क्रीकच्या वाटेने हटपर्यंत (ट्रेकर्सच्या मुक्कामाचं घर) तीन तास, हटपासून माथ्यापर्यंत पाऊण-एक तास. जाऊन-येऊन सात ते आठ तास धरा. माथा ७५९ मीटर. आकडा वाचून लहान वाटेल, पण वाट मोठ्या उंच-ठेंगण्या दगडांवरून जाते आणि चाल बसत नाही. गाडीतळावरून आठ वाजता निघा. ऑक्टोबरअखेर सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो, म्हणजे हाताशी वेळ राहतो.

वेब क्रीकच्या चढावर कातळात खोदलेल्या पायऱ्या लागतात. त्या १९२० च्या दशकात सामान वाहणाऱ्या घोड्यांसाठी केल्या. या खोऱ्यात खाणींपेक्षा काउरीच्या लाकडाचा धंदा मोठा होता, १८७१ ते १९२८. ओढ्यांवर लाकडी धरणं बांधायची, मागे पाणी आणि ओंडके साठवायचे, मग दार उघडून सगळं एकदम खाली सोडायचं. हटजवळ १९२४ चं डान्सिंग कॅम्प धरण आहे, थोडं दुरुस्त केलेलं. चुकवू नका, हटपासून पाच-दहा मिनिटांवर आहे.

हट ऐंशी खाटांची आहे. दिवसाच्या ट्रेकला आरक्षण लागत नाही, बाहेर बसून जेवा. शौचालय तिथे आहे, माथ्यावर नाही.

शेवटचा टप्पा: आधी लाकडी पायऱ्या, मग लोखंडी शिडी, मग खडकात ठोकलेले गज आणि पकडी. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट केलेल्याला अवघड नाही. पण खडक ओला असेल आणि वारा असेल तर गजांवर बूट घसरतो, आणि उतरताना पुढचा गज दिसत नाही. वारा अंगाला ढकलतोय असं हटपाशीच जाणवलं तर माथा सोडा. ढगात वर काही दिसतही नाही.

नऊ वर्षांच्या मुलीला नेता येईल का, असं विचाराल. चढ जमेल. आठ तासांच्या शेवटी, थकलेल्या पायांनी, त्याच दगडी पायऱ्या उतरणं हा खरा प्रश्न आहे. एका दिवसात नका नेऊ. हटवर आरक्षण करून दोन दिवसांत केलंत तर तिला तो ट्रेक फार आवडेल.

रानजाई:
दोघांचे मनापासून आभार. दोन शंका. ऑक्टोबरमध्ये पाऊस असतोच, तर कितपत पावसात जावं? आणि विंडोजचे बोगदे ठीक, पण वाटेत दुसरं एखादं उघडं भुयार दिसलं तर आत डोकावायला हरकत आहे का? बाबा थांबणार नाहीत म्हणून विचारते.

ओहोळ:
बाबांना थांबवा. ही एक गोष्ट कठोरपणे पाळा.

डॉकने वाटेचा भाग म्हणून खुली ठेवलेली भुयारं तपासलेली असतात. बाकीच्यांत तीन धोके आहेत. आतल्या तळात खाली जाणारा उभा खड्डा असतो, त्यात पाणी साचून तो डबक्यासारखा दिसतो. हवा न खेळणाऱ्या भुयारात प्राणवायू कमी असतो, आणि डोकं जड व्हायला लागेपर्यंत ते कळत नाही. तिसरं छत. ज्या गरम पाण्याने जमिनीखालून वर येताना गारगोटीच्या शिरांत सोनं सोडलं, त्याच पाण्याने आजूबाजूचा ज्वालामुखीचा खडक कुजवून त्याची चिकणमाती केली. म्हणजे सोनं जिथे, तिथेच डोंगर सर्वांत कच्चा. विंडोज वॉक दगड कोसळल्यामुळे अधूनमधून बंद का होतो याचं उत्तरही हेच. निघायच्या आदल्या दिवशी डॉकच्या संकेतस्थळावर त्या वाटेचं पान उघडा. वरच सूचना असते.

वाटेबाहेर झाडीत खाणींचे शाफ्ट, म्हणजे उभे खड्डेही आहेत, तोंडावर नेचे आणि पालापाचोळा. लघवीसाठी आडोशाला जातानासुद्धा वाट नजरेआड करू नका. बाणासारखे नारिंगी त्रिकोण झाडांवर ठोकलेले असतात. पुढचा दिसेना झाला तर मागच्यापाशी परत या.

पावसाचं. सह्याद्रीत पावसाळी ट्रेकची सवय असते म्हणून मुद्दाम सांगतो: इथे भिजत चालायची मजा नाही, पाणी आणि वारा दोन्ही थंड असतात. मेटसर्व्हिसचा, म्हणजे इथल्या हवामान सेवेचा, इशारा असेल तर घरी थांबा. रांग समुद्राला लागून उभी आहे, ओले वारे तिच्यावर चढतात आणि मोठा पाऊस थोड्या तासांत पडतो. ओढे आखूड आणि उतार तीव्र, म्हणून पाणी झपाट्याने चढतं. तितकंच झपाट्याने उतरतंही. सकाळी सहज ओलांडलेला ओढा दुपारी गढूळ आणि गुडघ्यावर आला असेल, तळाचे दगड गडगडताना ऐकू येत असतील, तर उतरू नका. दोन-चार तास थांबणं हाच उपाय आहे. काउआएरांगाच्या रस्त्यावरही पाणी येतं आणि गाडी आत अडकते. रिमझिम असेल तर करांगाहाके चालेल, पिनॅकल्स नाही.

सामान: शिवण बंद केलेलं रेनकोट, लोकरीचा किंवा फ्लीसचा एक जास्त थर, सुती टीशर्ट नको (ओला झाला की सुकत नाही). माणशी दोन लिटर पाणी. खाणींच्या खालच्या ओढ्यांचं पाणी उकळूनही पिऊ नका, उकळल्याने जंतू मरतात, शिसं आणि आर्सेनिक जात नाही. दक्षिणेला ‘ते आरोहा’ नावाच्या डोंगरावर टुई खाण होती, तिच्या गाळाची सफाई सरकारला २०१३ पर्यंत करत राहावी लागली. करांगाहाकेची ओहिनेमुरी नदी तर १८९५ मध्ये अधिकृतपणे खाणीचा गाळ सोडायचा नाला म्हणून जाहीर केलेली होती.

फोनवर अवलंबून राहू नका, रेंज जाते. पिनॅकल्सला जाताना पीएलबी (संकटात बचाव केंद्राला सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) भाड्याने घ्या आणि परतायची वेळ आई-बाबांना लिहून द्या. त्या वेळेनंतर अमुक तासांनी १११ या आपत्कालीन नंबरला फोन करायचा, हेही त्यात लिहा.

आणि काउरी. त्या झाडांना मुळांतून मारणारा रोग मातीतून पसरतो, चिमूटभर चिखल पुरतो. वाटेच्या तोंडाशी ब्रश आणि औषधाची जागा असते. क्रम महत्त्वाचा: आधी सगळी माती ब्रशने काढायची, तळव्याच्या खाचांतलीसुद्धा, मग औषध. चिखलावर औषध मारून काही होत नाही. जाताना आणि येताना दोन्ही वेळा. काठ्यांची टोकंही पुसा. पुण्याहून आणलेले बूट घरीच ब्रश आणि साबणाने स्वच्छ करून सामानात भरा आणि विमानतळावर फॉर्ममध्ये लिहा. लपवले तर दंड आहे.

गारगोटी:
ओहोळ यांच्या पाण्याच्या मुद्द्याला पूर्ण अनुमोदन.

बाबांची भुयाराची हौस विंडोजवर भागली नाही तर हिकुआईजवळचं ब्रोकन हिल्स बघा. तिथे कॉलिन्स ड्राइव्ह नावाचं सुमारे ५०० मीटर लांब भुयार डोंगराच्या आरपार जातं आणि ते वाटेचाच भाग आहे. पूर्ण फेरी तीन तासांची, सुरुवातीचा चढ चिखलाचा. आत दिवे नाहीत, तळ ओला, बाजूला फाटे निघतात. सरळ मुख्य बोगद्यातच राहायचं. मधोमध गेल्यावर दोन्ही तोंडं नीट दिसत नाहीत, म्हणून एक टॉर्च जास्तीचा घ्या. गर्दी करांगाहाकेच्या मानाने नगण्य. वाट म्हणून मला हीच जास्त आवडते, पण गुडघ्याचा विचार करता ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन.

उभाकडा:
करांगाहाकेच्या दिवसाची आखणी देतो. साडेसातला ऑकलंड सोडा. साडेनऊपासून विंडोज, मग गाडीतळावर परत येऊन डबा. दुपारी आई-बाबांनी रेल्वेचा बोगदा करावा. त्यानंतर गाडीने वाइकिनोला व्हिक्टोरिया बॅटरी बघा. तिथे २०० मुसळं होती, वाइहीच्या मार्था खाणीचा दगड रेल्वेने यायचा, १९५२ ला बंद झाली. सायनाइडच्या टाक्यांचे गोल पाये अजून रांगेत उभे आहेत. चाल जवळजवळ नाही. वेळ उरला तर वाइही गावात मार्था खाणीचा प्रचंड खड्डा आणि शेजारचं कॉर्निश पंपहाउस. जमीन खचायला लागली म्हणून ती सुमारे १,८०० टनांची काँक्रीटची इमारत २००६ मध्ये अख्खी सरकवून तीनशे मीटर पलीकडे नेली.

करांगाहाके पर्वताचा ५४४ मीटरचा माथाही त्याच गाडीतळावरून गाठता येतो, पण त्याला चार-पाच तास लागतात आणि वरचा भाग उभा, निसरडा आहे. या दिवसात तो बसवू नका.

रानजाई:
ठरलं तर. आधी सगळ्यांसोबत करांगाहाके, आठवड्याने आम्ही दोघं पिनॅकल्स, पावसाचा इशारा आला तर तो दिवस पुढे ढकलू. हेडटॉर्च पाच घेते, वर एक जास्तीचा. पीएलबी भाड्याने घेताना काही बघून घ्यायचं असतं का?

ओहोळ:
बॅटरीची मुदत छापलेली असते, ती बघा. न्यूझीलंडमध्ये नोंदणी झालेलं आहे ना ते विचारा. दुकानदाराकडे तुमच्या वाटेचं नाव, तारीख आणि घरचा फोन नंबर लिहून ठेवा, कारण सिग्नल आला की बचाव केंद्र आधी नोंदणीवरच्या माणसाला फोन करतं. पिशवीच्या तळाशी ठेवू नका, अंगावर किंवा वरच्या खिशात ठेवा. वापरायची वेळ आली तर अँटेना पूर्ण उघडून झाडीबाहेर, मोकळ्या आकाशाखाली ठेवा आणि मदत येईपर्यंत बंद करू नका.