‘कौन’ (१९९९): शेवट माहीत असूनही भीती का वाटते?

लातूरकर: रामगोपाल वर्माचा भयपट म्हटलं की लोक ‘भूत’वर येऊन थांबतात. त्याच्या चार वर्षं आधीच्या ‘कौन’चं कुणी नावही काढत नाही, याचं वाईट वाटतं. लेखन अनुराग कश्यपचं. एक घर, बाहेर पाऊस, गाणं एकही नाही. टीव्हीवर खुन्याची बातमी, घरात उर्मिला मातोंडकर एकटी आणि दारात मनोज बाजपेयी. तो बेल वाजवतो, थांबतो, परत वाजवतो. बोलणं गोड, पण जायचं नाव नाही. हाकलावं तर काही वावगं बोललेला नाही, आत घ्यावं तर जीव घाबरतो. भूत दाखवलं असतं तर मी निवांत झालो असतो. परवा पुन्हा बघितला, तरी बेल वाजली की दचकायलोच.

नांदेडचा प्रेक्षक: दचकवणं म्हणजे भीती नव्हे. आवाज बंद करून बघा, निम्मी हवा जाते. आणि (बघितला नसेल त्यांनी पुढं वाचू नका) खुनी तीच निघते, ही सरळ फसवणूक आहे. घरात कुणी नसताना ती कुणाला दाखवायला घाबरते? फक्त आपल्याला.

लातूरकर: ती नाटक करायली, असं तुम्ही धरूनच चाललात. मला ती खरंच घाबरलेली दिसते. दाराबाहेरचा प्रत्येक माणूस तिच्या लेखी जिवावर उठलेला आहे. दुसऱ्यांदा बघताना काळजी बाजपेयीची वाटते. आधी ज्या चिकटपणाची चीड आली, तोच बघून ‘जा की बाबा घरी’ म्हणावंसं वाटतं.

बीडवाली: अभिनयाबद्दल वाद नाही, माझं दुखणं वेगळं. आपल्याकडं एखादीला भास व्हायलेत म्हटलं की आधी देवऋषी, डॉक्टर सगळ्यात शेवटी. तोवर घरचे लपवून ठेवतात. मनाच्या आजाराची बहुतेक माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट त्यांनाच लोकांचा मार बसतो. अशात पडद्यावर आजारी बाई म्हणजे हातात चाकू, एवढंच लोकांनी बघायचं का?

लातूरकर: ताई, लपवण्याचं म्हणता ते खरंय. पण तिला काय झालंय हे समजावून सांगितलं असतं, तर ‘बरं, म्हणून अशी’ म्हणत आपण मोकळे झालो असतो.

बीडवाली: तुम्ही मोकळे झाला नाहीत, ठीक. आमच्या गल्लीतल्या आजारी पोरीला मात्र लोक अजून लांबूनच वळसा घालतात. त्यांना असले सिनेमे दाखवून काय साधणार?

नांदेडचा प्रेक्षक: ताईंना अनुमोदन. तरी बाजपेयीला मानलं. १९९८ला ‘सत्या’तला भिकू म्हात्रे आणि लगेच हा चिवट पाहुणा! त्याच्यासाठी बघा, शेवटासाठी नको.