मदत हवी आहे: उबंटू सर्व्हरवर कोणते अपडेट कधी जाऊ द्यायचे?

नमस्कार मंडळी. आमच्या उबंटू २२.०४ च्या सर्व्हरवर अनअटेंडेड-अपग्रेड्स (अपडेट आपोआप बसवणारं टूल) चालू आहे. सिक्युरिटी पॅच आपोआप बसतात, ते बंद करायचं नाहीच. अडचण पोस्टग्रेस या डेटाबेसची. त्याचा अपडेट आला की सर्व्हिस रिस्टार्ट होते आणि सकाळी सहा-सातच्या सुमारास, बिलिंग चालू असतानाच, कनेक्शन तुटतात. एपीटी-मार्क होल्ड लावला (म्हणजे पॅकेज आहे त्याच व्हर्जनवर थांबवलं) तर त्याचे सिक्युरिटी पॅचही अडकतात, ते मला धोक्याचं वाटतं.

शिवाय टेस्ट सर्व्हरवर तपासून प्रॉडक्शनला (प्रत्यक्ष कामाच्या सर्व्हरला) हात लावेपर्यंत रिपॉझिटरीत (जिथून पॅकेजेस येतात त्या साठ्यात) पुढचं व्हर्जन आलेलं असतं. तपासलं एक, बसतं दुसरंच! यासाठी कोणी ॲप्टली या टूलने रिपॉझिटरीचा स्नॅपशॉट (त्या वेळची गोठवलेली प्रत) ठेवतं का? की अँसिबलमधून (सर्व्हरची कामं आपोआप करणाऱ्या टूलमधून) व्हर्जन पक्कं करणं बरं? आणि डेटाबेसच्या अपडेटसाठी वेगळी वेळ कशी लावता?