काविळीच्या पेशंटला मांजर चावलं, रेबीजची लस आत्ता घ्यावी का?

धाकट्या भावाला हिपॅटायटिस ए झालाय. डोळे अजून पिवळे आहेत, अन्नावर वासना नाही. त्यात काल संध्याकाळी एका भटक्या मांजराने पोटरीला चावा घेतला. दोन दात रुतलेत, थोडं रक्तही आलं. साबणाने धुतलंय.

घरात एकाचं म्हणणं, लिव्हर आधीच नाजूक, लस कावीळ उतरल्यावर बघू. दुसरा म्हणतो, कुत्रा थोडाच चावलाय! त्याचे डॉक्टर सोमवारी भेटणार. तोवर थांबलं तर चालेल का? शिवाय तेल-तूप पूर्ण बंद केल्याने तो पार वाळलाय. त्याला खायला काय द्यावं?

उत्तर १
सोमवारपर्यंत थांबू नका, आजच्या आज न्या. मांजरापासूनही रेबीज होतो, आणि लक्षणं दिसू लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही. दात रुतून रक्त आलं म्हणजे जखम तिसऱ्या, म्हणजे सर्वात गंभीर श्रेणीची. लशीसोबत इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरोधी तयार अँटिबॉडीजचं इंजेक्शन) लागतं आणि ते जखमेत व भोवतीच टोचतात. लशीचा परिणाम यायला काही दिवस जातात, तोवर संरक्षण इम्युनोग्लोब्युलिनचंच. आधी पूर्ण लस झाली असेल तर मात्र ते लागत नाही. लशीत जिवंत विषाणू नसतो, त्यामुळे काविळीची आडकाठी नाही. लस दंडात घ्यायची, कमरेवर नाही. दंडातले डोस साधारण ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असतात (० म्हणजे पहिल्या डोसचा दिवस). काही ठिकाणी त्वचेत देतात, तिथे वेळापत्रक वेगळं. जखम पुन्हा १५ मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. मांजर १० दिवस नजरेसमोर ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस थांबवायचे का, ते डॉक्टर ठरवतील. पण मांजर सापडेल या आशेवर पहिला डोस लांबवू नका.

उत्तर २
वरच्याशी शंभर टक्के सहमत. खाण्याबद्दल: हिपॅटायटिस ए मध्ये तेल-तूप पूर्ण तोडायची गरज नसते. मळमळ होते म्हणून तळकट नकोसं वाटतं, एवढंच. सोसेल ते साधं जेवण, प्रथिनांसकट, थोडं थोडं करून द्या. सकाळी भूक बरी असते, तेव्हा पोटभर. दारू अजिबात नाही. लशीने ताप आला तर पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, डोस विचारून घ्या. सर्दीच्या गोळ्यांतही ते असतं. जडीबुटी तर नकोच. गुंगी, असंबद्ध बडबड, हिरड्यांतून रक्त किंवा न थांबणारी उलटी, यातलं काहीही दिसलं तर थेट इमर्जन्सीत.

धागाकर्ता
आभार! आत्ताच निघतोय, काविळीचे रिपोर्ट सोबत घेतलेत.