पांढरा बगळा, वाऱ्यावरची रानफुले आणि सपाट दिसणारा देखावा: एकाच फेरीत तिन्ही साधतात का?

प्रश्न

नमस्कार. गेले वर्षभर मी सुटीच्या दिवशी पहाटे कॅमेरा घेऊन बाहेर पडतो आणि पक्षी, रानफुले, मोकळा परिसर असे जे समोर येईल ते टिपतो. माझ्याकडे एपीएस-सी या मध्यम आकाराच्या सेन्सरचा (प्रकाश टिपणाऱ्या चकचकीत पट्टीचा) कॅमेरा, १८-५५ व १००-४०० मिमीच्या दोन लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे.

गेल्या खेपेस पाणथळीच्या काठी मोठा बगळा पंधरा-वीस पावलांवर निवांत उभा होता आणि त्याच्या मागे गडद झाडी होती. घरी येऊन पाहतो तर झाडीतले पान न् पान स्पष्ट आणि बगळा मात्र कागदातून कात्रीने कापून काढल्यासारखा, पिसाची एकही रेघ नसलेला. ‘पांढऱ्या विषयाला एक्स्पोजर (चित्राला मिळणारा प्रकाश) वाढवावे’ असे वाचले होते, म्हणून पुढच्या चित्रांत भरपाई, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्या एक्स्पोजरमध्ये आपण केलेली वाढ-घट, +१ केली होती; ती चित्रे तर आणखीच बिघडली. रानफुलांची एकच पाकळी स्पष्ट येते, तीही वारा नसेल तर. आणि डोळ्यांना अफाट वाटलेला देखावा चित्रात सपाट पडतो. माझे नेमके कुठे चुकते?

प्रतिसाद १

आपण वाचलेला सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे दृश्य सरासरीने मध्यम राखाडी, म्हणजे ढोबळमानाने १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारे आहे, असे गृहीत धरतो. बगळ्याने चौकट भरून टाकली असेल तर हा मापक पांढऱ्याला राखाडी करू पाहतो आणि तेव्हा भरपाई वाढवावी लागते. आपला बगळा मात्र चौकटीत लहान होता आणि उरलेली सारी जागा काळोख्या झाडीने व्यापली होती. मापकाने झाडी उजळवली आणि त्या ओघात बगळा जळाला, म्हणजे तपशील पुसून कोरा पांढरा झाला; तिथे भरपाई −१ किंवा −१.३ हवी होती. उजळ आकाशापुढे बसलेल्या कावळ्याच्या बाबतीत हाच हिशेब उलटा होतो. भरपाई पक्ष्याच्या रंगापेक्षा पार्श्वभूमीवर आणि तिने चौकटीत किती जागा घेतली आहे यावर अधिक अवलंबून असते.

माझे वैयक्तिक मत विचाराल तर अशा ठिकाणी भरपाईच्या नादी लागूच नये, सरळ मॅन्युअलवर यावे, म्हणजे सारी मापे स्वतः ठरवावीत. बगळा झाडीपुढून उडून पाण्यावर आला आणि तिथून आकाशात गेला तरी त्याच्यावर पडणारे ऊन तेच असते. बदलते ती पार्श्वभूमी, आणि मापक फसतो तो तिच्यामुळे. स्वच्छ, चढत्या उन्हात एफ/१६ (लेन्सच्या छिद्राचे माप; आकडा मोठा तितके छिद्र लहान), आयएसओ १०० (सेन्सरची संवेदनशीलता) आणि १/१०० सेकंद (शटरचा वेग) हा जुना आडाखा घ्या. आयएसओ ४०० आणि एफ/८ केल्यास तोच १/१६०० सेकंद होतो. पांढऱ्या पिसांसाठी आणखी एक स्टॉप कमी करून, म्हणजे प्रकाश निम्मा करून, १/३२०० सेकंदावर या, म्हणजे उडता पक्षीही गोठतो. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रकाश कमी असतो, म्हणून एक चाचणी-चित्र घेऊन हिस्टोग्राम (डावीकडे काळ्यापासून उजवीकडे पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) पाहावा आणि त्याची उजवी कड भिंतीला चिकटणार नाही इतपत वेग बदलावा. एकदा जुळले की ढग येईपर्यंत कॅमेऱ्यावरच्या त्या चकत्यांना हात लावायचे कारण नाही.

प्रतिसाद २

रानफुलांपुरते लिहितो. फूल सेन्सरवर प्रत्यक्षाच्या निम्म्या आकाराचे उमटत असेल तर आपल्या कॅमेऱ्यावर एफ/८ ला स्पष्टतेची खोली (पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो ती जाडी) जेमतेम दोन मिलिमीटर मिळते. त्यामुळे एकच पाकळी स्पष्ट येणे हा आपला दोष नसून भूमितीचा परिणाम आहे. एफ/११ पर्यंत जाता येईल; त्यापुढे विवर्तनामुळे, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सारेच चित्र किंचित मऊ पडू लागते. त्याहून अधिक उपयोग सेन्सरचे प्रतल फुलाच्या तोंडाशी समांतर ठेवण्याचा होतो, कारण मग तोच दोन मिलिमीटरचा स्पष्ट थर सगळ्या पाकळ्यांवरून जातो.

वाऱ्यावर ट्रायपॉडचा इलाज चालत नाही, कारण हलते ते फूल. आयएसओ बिनदिक्कत वाढवून शटर १/२५० च्या वर न्यावे आणि दोन झुळकांच्या मधल्या क्षणी तीन-चार चित्रे सलग घ्यावीत. आपली १००-४०० फुलांसाठीही वापरून पाहा: चार पावले मागे उभे राहून ४०० मिमीवर टिपलेल्या फुलाची पार्श्वभूमी विरघळून जाते आणि शेजारची रोपे तुडवली जात नाहीत. तांबड्या-जांभळ्या फुलांसाठी हिस्टोग्राम तांबडा, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहावा. एकत्रित आलेख निर्दोष दिसत असताना तांबडा रंग पूर्ण भरून पाकळीवरच्या शिरा गेलेल्या असतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही आभार. −१ चा हिशेब आता लख्ख कळला. दोन शंका उरतात: जळालेली पिसे रॉ फाइलमधून (सेन्सरने टिपलेल्या प्रक्रिया न केलेल्या माहितीतून) परत मिळतील का, आणि या तीन गोष्टींचा क्रम कसा लावावा?

प्रतिसाद ३

तिन्ही रंगांत माहिती संपली असेल तर रॉमध्येही काही उरत नाही. एखाद्या रंगात शिल्लक असेल तर अंदाजाने थोडे सावरता येते, पण त्या पिसांना खरा पोत येत नाही.

क्रमाचा प्रश्न अधिक अवघड आहे, कारण या तिघांनाही तीच वेळ हवी असते. पहाटे वारा सहसा पडलेला असतो म्हणून फुले स्थिर असतात, त्याच वेळी पक्षी चरायला बाहेर पडतात आणि तिरपा प्रकाश जमिनीच्या उंचसखलपणाला सावल्या देतो. आपला देखावा सपाट पडतो तो बहुधा सूर्य वर आल्यावर टिपल्यामुळे आणि जवळ काहीच न ठेवल्यामुळे. १८ मिमी, एफ/११ वर दीड मीटरच्या आसपास फोकस केला तर सुमारे पाऊण मीटरपासून क्षितिजापर्यंत सारे पुरेसे स्पष्ट येते. तेव्हा गुडघ्यावर बसून एखादा खडक वा गवताचा झुबका चौकटीच्या तळाशी घ्यावा. मी स्वतः एका फेरीत एकाच विषयाची लेन्स कॅमेऱ्याला लावतो आणि उरलेले दोन नुसते पाहून ठेवतो. तसे जमणार नसेल तर उजाडताना देखावा, मग ऊन कोवळे असेतो पक्षी आणि ढगाळ दिवस फुलांना, अशी वाटणी करावी. चढत्या उन्हात पाण्यावरून दूरचा पक्षी टिपण्यात अर्थ नसतो. तापलेल्या हवेच्या थरथरीमुळे महागडी लेन्सही धूसर चित्र देते.

बगळ्याबद्दल एकच जोडतो. तो मान उंच ताणून स्थिर झाला, की त्याने आपल्याला पाहिले आहे, तिथेच थांबावे. विणीच्या दिवसांत तर घरट्याकडे लेन्स वळवूच नये, कारण पालक उडून गेले की पिल्ले उन्हात उघडी पडतात.