साखरेत मुरवलेले आले चिवट का होते?

प्रश्न:
गेल्या महिन्यात मी अर्धा किलो आल्याच्या चकत्या करून त्या थेट दोनतारी पाकात शिजवल्या. त्या आक्रसून चामड्यासारख्या झाल्या आणि तीन दिवसांत पाकही साखरला. आलेपाकाच्या वड्या मला नीट जमतात, पण त्यांत आले वाटून घातले जात असल्यामुळे ही अडचण कधी आली नव्हती. मला या चकत्या केकमध्ये घालायच्या आहेत आणि घाटात मळमळणाऱ्या आईला प्रवासात द्यायच्या आहेत. आईला मधुमेह आहे व ती रक्त पातळ करणारी गोळीही घेते. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १:
आपली चूक पाकाच्या घट्टपणात आहे. कच्ची चकती दाट पाकात पडली की तिच्यातले पाणी झपाट्याने बाहेर ओढले जाते, तेवढ्या वेगाने साखर आत शिरत नाही, आणि चकती आक्रसते. म्हणून चकत्या आधी साध्या पाण्यात, सुई सहज आरपार जाईपर्यंत उकळाव्यात. जून आल्याला पाऊण तासही लागतो. मग साखर व पाणी समान वजनाने घेऊन केलेल्या पातळ पाकात त्या रात्रभर ठेवाव्यात. पुढचे चार-पाच दिवस रोज चकत्या निथळून, पाकात थोडी साखर वाढवून, तो उकळून पुन्हा त्यांच्यावर ओतावा. पाक मधाइतका दाट झाला की चकत्या चाळणीवर सुकवून साखरेत घोळवाव्यात. शेवटच्या उकळीत थोडा लिंबाचा रस पिळल्यास साखरेचा काही भाग ग्लुकोज व फ्रुक्टोजमध्ये मोडतो आणि पाक सहसा साखरत नाही.

आलेही कोवळे हवे. आठ-नऊ महिन्यांच्या पिकात रेषा जून होतात आणि कितीही शिजवले तरी तोंडात चोथा उरतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये, जिथे १९४१पासून साखरेतील आल्याचा उद्योग उभा राहिला, या कामासाठीचे आले मुद्दाम लवकर काढतात.

प्रतिसाद २:
मळमळीवर आल्याचा उपयोग होतो, याला गरोदरपणातील मळमळीबाबतच्या अभ्यासांत बऱ्यापैकी आधार आहे. प्रवासातील मळमळीबाबत निष्कर्ष एकसारखे नाहीत. मात्र हा पदार्थ वजनाने निम्म्याहून अधिक साखरच असतो. त्यामुळे आपल्या आईंसाठी तो मिठाईच समजावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर आले नेमाने व अधिक प्रमाणात घेणे डॉक्टरांना विचारल्याशिवाय योग्य नाही. त्यांनी परवानगी दिल्यास मीठ-लिंबू लावून वाळवलेले आले साखरेपेक्षा बरे.

प्रश्नकर्ती:
आभारी आहे. उकळलेले पाणी टाकून द्यावे का?

प्रतिसाद १:
अजिबात नाही! आल्याचा बराचसा तिखटपणा त्या पाण्यातच उतरतो. ते सरबतात किंवा चहात वापरावे.

प्रतिसाद ३:
केकसाठी चकत्यांचे बारीक तुकडे करून, मैद्यात घोळवून मगच मिश्रणात घालावेत, म्हणजे ते तळाशी बसत नाहीत. आणखी एक सोय अशी, की कच्च्या आल्यातील प्रथिने तोडणाऱ्या द्रव्यामुळे दूध फाटू शकते व जिलेटिनही नीट गोठत नाही. चकत्या उकळताना ते निष्क्रिय झालेले असल्यामुळे हे तुकडे खिरीत किंवा आइस्क्रीममध्ये निर्धास्त घालता येतात. उरलेला पाक मात्र मी केकसाठी ठेवत नाही, तो आमच्या घरी लिंबाच्या सरबतातच संपतो.