शाळेची वाट: पायी आणि सायकलीवर

मंडळी, शाळा सुरू झाल्या. मुलांना चालत किंवा सायकलने शाळेत धाडणाऱ्यांनी अनुभव लिहा. रस्ता कसा, सोबत कोणाची, अडतं कुठे, हे जरूर सांगा. राज्याच्या शिक्षणहक्क नियमांत पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत धरली आहे. एवढं अंतर मुलं हसतखेळत तोडतात. घोडं अडतं ते रस्त्यापाशी, असं माझं ठाम मत आहे.

यवतमाळ जिल्हा
गावची शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल चार किलोमीटरवर, आणि एसटी शाळेच्या वेळेला नाही. मोठीचं शिक्षण तिथेच सुटलं. धाकटी आठवीत गेली तेव्हा मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळाली. शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या, आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी ती योजना आहे. कपाशी वाढली की दोन्ही बाजूंनी काही दिसत नाही, म्हणून गावच्या सगळ्या पोरी एकत्रच निघतात. एकीची चेन उतरली की सगळ्या थांबतात. वाटेत पंक्चरचं दुकान नाही, तर त्यांनी वर्गणी काढून हवेचा पंप घेतला. धाकटी यंदा दहावीला बसतेय. मोठी रोज तिची सायकल पुसून ठेवते.

पुणे, कोथरूड
सोसायटीतली मुलं घोळक्याने चालत जातात, आम्ही पालक पाळीपाळीने सोबत. फुटपाथवर दुचाकी लावलेल्या, त्यामुळे मुलं रस्त्यावर उतरतात. सगळ्यात धोका मात्र शाळेच्या फाटकाशी, मुलांना सोडायला आलेल्या मोटारींचाच. मोटारवाल्या पालकांनो, कोपऱ्यावरच सोडा, पुढे मुलं चालतील.

राजापूर
पायवाटच आहे, मुलांना आवडते. पऱ्याला (ओढ्याला) पाणी चढलं की साकव (छोटा पूल) बुडतो, त्या दिवशी मुलं घरी. पक्का साकव हवा, बाकी काही मागणं नाही.

म्युनिक
इथे चौथीत पोलिस मुलांना सायकल चालवायचे नियम शिकवून परीक्षा घेतात: हात दाखवून वळणं, मागे बघणं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ देणं. ती होईपर्यंत मुलांनी पायीच यावं असं शाळा सांगते. लेक पास झाली, आता मैत्रिणींबरोबर जाते. महाराष्ट्रात कुठल्या शाळेत असं रस्त्यावर नेऊन शिकवतात का? माझ्या भाच्यासाठी विचारतेय, तो नाशिकला पाचवीत आहे.