'क्लोजिंग टाइम': आधी काय बघावं, आणि सायबरमेनचा शेवट पटण्यासारखा आहे का?

निळी_पेटी

घरातल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलांना 'डॉक्टर हू' (डॉक्टर नावाच्या कालप्रवाशाची ब्रिटिश विज्ञानकथा मालिका) दाखवायला सुरुवात करायची आहे. विनोद आहे, बाप-लेकाची गोष्ट आहे, वर सायबरमेन (माणसांचे बनवलेले भावनाशून्य यंत्रमानव) आहेत, म्हणून सहाव्या सीझनचा बारावा भाग 'क्लोजिंग टाइम' (24 सप्टेंबर 2011) मनात आहे. तीन गोष्टी विचारायच्या आहेत. हा भाग सुटा बघितला तर कळतो का? मुलं दचकतील अशा जागा कुठल्या? आणि बाळाचं रडणं ऐकून बाप सायबरमन होता होता थांबतो, त्यात सायबरमेनचं अख्खं यान उडतं, हा शेवट अनेकांना गुळमट वाटतो. त्यामागे मालिकेचा काही नियम आहे, की लेखक गॅरेथ रॉबर्ट्स यांनी वेळ मारून नेली आहे? स्पॉयलर बिनधास्त येऊ द्या.

जुना_ट्रान्झिस्टर

सुटा कळतो, पण एक भाग आधी बघाच: 'द लॉजर' (12 जून 2010, पाचवा सीझन, भाग अकरावा). क्रेग ओवेन्स (जेम्स कॉर्डन) आणि सोफी (डेझी हॅगर्ड) त्यातच पहिल्यांदा येतात. डॉक्टर क्रेगच्या घरी भाडेकरू म्हणून राहतो आणि शेवटाकडे डोक्यावर डोकं आपटून स्वतःबद्दलची सगळी माहिती क्रेगच्या मेंदूत ओततो. ते बघितलेलं नसेल, तर 'क्लोजिंग टाइम'मध्ये दारात डॉक्टर दिसताच क्रेगला 'काहीतरी गडबड आहे' हे इतक्या लवकर कसं कळतं, ते मुलं विचारत बसतील.

सहाव्या सीझनच्या मोठ्या कथेतलं मुलांना एकच वाक्य सांगा: डॉक्टरला आपला मृत्यू कधी आणि कुठे होणार ते ठाऊक आहे, म्हणून तो मित्राचा निरोप घ्यायला आलाय. ती जागा म्हणजे अमेरिकेतल्या युटामधलं लेक सिलेन्सिओ हे सरोवर आणि तारीख 22 एप्रिल 2011. सीझनच्या पहिल्याच भागात तो प्रसंग आहे. क्रेगकडून मिळालेली स्टेटसन हॅट आणि त्याच्या घरातून उचललेले निळे लिफाफे यांचा धागाही तिथेच जुळतो, पण हॅट म्हणजे मित्राने दिलेली भेट, एवढं कळलं तरी मुलांचं काही अडत नाही. एमी आणि रोरी, कथा घडते त्या मोठ्या दुकानात, ओझरते दिसतात आणि डॉक्टर त्यांच्यासमोर जात नाही. तिथे 'हे त्याचे जुने सोबती' म्हणा आणि पुढे चला.

क्रेगच्या घरून निघून डॉक्टर टार्डिसपाशी (त्याच्या निळ्या पेटीसारख्या कालयानापाशी) पोचला, की टीव्ही बंद करा. त्यानंतर रिव्हर साँग आणि मादाम कोव्हेरियनचा जो प्रसंग आहे, तो पूर्णपणे पुढच्या भागाची, 'द वेडिंग ऑफ रिव्हर साँग'ची (1 ऑक्टोबर 2011) तयारी आहे. नव्या प्रेक्षकाला त्यातलं काहीच कळत नाही, आणि छान रंगलेला मूड उगाच जातो.

मोंडासकर

तिसऱ्या प्रश्नाबद्दल: नियम आहे, आणि तो 2011 च्या खूप आधीचा आहे.

सायबरमेन पहिल्यांदा आले ते 1966 च्या 'द टेन्थ प्लॅनेट'मध्ये. किट पेडलर (हे वैद्यकीय संशोधक) आणि गेरी डेव्हिस यांची ती कल्पना. माणसं एकेक अवयव बदलत जातात आणि शेवटी भावनाही दुबळेपणा म्हणून काढून टाकतात. म्हणजे जे काढलं तेच परत आत घातलं तर यंत्र कोलमडणार, हे मुळातच ठरलेलं आहे. 1968 च्या 'द इन्व्हेजन'मध्ये प्रोफेसर वॉटकिन्सच्या यंत्रातून भावनांचा मारा केल्यावर सायबरमेन वेडेपिसे होतात. 2006 च्या 'द एज ऑफ स्टील'मध्ये तर भावना दाबणाऱ्या भागाला नावच मिळालं, इमोशनल इनहिबिटर. तो बंद करणारा कोड पाठवताच सायबरमेनना आपलं काय झालंय ते कळतं आणि ते कोसळतात. त्याच भागात सॅली नावाच्या सायबरवुमनचा इनहिबिटर बिघडतो, तेव्हा तिला थंडी वाजायला लागते आणि उद्या आपलं लग्न आहे एवढंच तिला आठवत राहतं. तो एक मिनिटाचा प्रसंग जरूर बघा. क्रेगचा शेवट त्याच तत्त्वावर उभा आहे, फरक इतकाच की इथे माणूस वाचतो.

'क्लोजिंग टाइम'मध्ये क्रेगच्या भावना पुसण्याचं काम चालू असतानाच त्याच्या बाळाचं, आल्फीचं, रडणं त्याच्या कानावर येतं. दाबता न येणारी भावना उलटी सगळ्या जोडलेल्या सायबरमेनमध्ये शिरते आणि यानासकट सगळं जातं. डॉक्टर आधी त्याला आपल्या जनुकांचं रक्षण करण्याची उपजत प्रवृत्ती वगैरे शास्त्रीय झालर लावू बघतो आणि मध्येच सोडून देतो.

खरी फट दुसरीकडे आहे. 2006 मधलं रूपांतर म्हणजे शस्त्रक्रिया: पाती फिरतात, मेंदू काढून धातूच्या शरीरात बसवतात, परतीची वाट नाही. इथे मात्र क्रेग अख्खा आत जातो आणि अख्खा बाहेर येतो. अर्धं उत्तर कथेतच आहे. हे यान शतकांपूर्वी कोसळून जमिनीत गाडलं गेलंय, नव्या वीजवाहिन्या टाकल्यावर जागं झालंय, आतले सायबरमेन मोजके आणि सुट्या भागांतून जोडलेले आहेत, वीज अपुरी आहे. अशा मोडक्या कारखान्यात रूपांतरही कच्चंच होणार. पण हे संवादात कुणी म्हणत नाही. एक वाक्य घातलं असतं तर अर्धे आक्षेप तिथेच मिटले असते.

बाकी साखळी घट्ट आहे. दिवे लुकलुकतात, कारण सायबरमॅट (सायबरमेनचे उंदराएवढे यांत्रिक हस्तक) वीज शोषून खाली यानाकडे नेतात. माणसं नाहीशी होतात, कारण सुट्या भागांना पूरक माणसं लागतात. डॉक्टर पकडलेल्या सायबरमॅटलाच उलटं कामाला लावून त्याच्या मालकांचा माग काढतो.

पडद्याआड

नियमाचं मान्य, पण शेवट नियमामुळे उभा राहत नाही. तो उभा राहतो एका विनोदामुळे.

डॉक्टरला बाळांची भाषा येते. तो सांगतो की आल्फीने स्वतःचं नाव 'स्टॉर्मागेडन, सर्वांचा काळा अधिपती' असं ठेवलंय आणि बापाला तो 'आई नव्हे ते' म्हणतो. आपण हसतो. पण सोफी बाहेरगावी गेली आहे, 'मला कुणाची मदत नको' असं क्रेगने सगळ्यांना बजावलंय आणि बाळ काही केल्या शांत होत नाही. हा बाप मनातून पार खचलेला आहे आणि त्या नावाने त्याच्या भीतीवर शिक्कामोर्तब होतं. म्हणून रडणं ऐकू येतं तेव्हा प्रश्न 'मुलावर प्रेम आहे का' हा नसतो, 'मी याचा बाप आहे का' हा असतो. शेवटी आल्फी त्याला बाबा म्हणतो आणि स्वतःला आल्फी म्हणवून घेतो. विनोद कापून बघा, शेवट खरंच गुळमट होईल.

विनोदाकडून कथेचं काम कसं करून घ्यावं, हे लिहिणाऱ्यांनी लिफ्टच्या प्रसंगात बघावं. डॉक्टर आणि क्रेग लिफ्टमध्ये शिरतात आणि टेलिपोर्टने थेट यानात पोचतात. क्रेगची पाठ यानाकडे. त्याने वळून बघू नये म्हणून डॉक्टर गंभीर चेहऱ्याने त्याच्यावर प्रेम असल्याचं सांगत चुंबनासाठी पुढे सरकतो. क्रेग भांबावतो आणि त्याच वेळी आपल्याला त्याच्या मागचं यान दिसत असतं. प्रेक्षकाला धोका आधी कळला, पात्राला नंतर, आणि मध्ये हशा. एकही वाक्य फुकट गेलेलं नाही.

माझा आक्षेप एकच. रूपांतर चालू असताना डॉक्टर क्रेगला सतत ओरडून 'लढ' म्हणतो, ते निम्म्याने कमी हवं होतं. पडद्यावर आल्फी, कानात रडणं, क्रेगचा मिटत चाललेला चेहरा, एवढं पुरेसं होतं.

निळी_पेटी

इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं, मनापासून आभार. भीतीच्या जागांबद्दल कुणी सांगेल का?

जुना_ट्रान्झिस्टर

दुकान बंद होतानाची चेंजिंग रूम, सुरुवातीलाच. अंधार, एकटी कर्मचारी आणि समोर सायबरमन. रक्त नाही, पण दचका आहे. दुसरी जागा सुरक्षारक्षकाचा मृत्यू. तिसरी सर्वांत कठीण: मेलेला वाटणारा सायबरमॅट क्रेगच्या घरात जिवंत होतो. आधीचा धोका दुकानात असतो, इथे तो दिवाणखान्यात येतो, आणि त्याचं तोंड मांसाचं, दातांनी भरलेलं आहे. डॉक्टर बाहेर अडकतो आणि काचेचं दार फोडून आत येतो. मुलं हळवी असतील तर दिवसा बघा आणि 'बाळाला काही होत नाही' हे आधीच सांगून ठेवा. रूपांतराच्या प्रसंगाची भीती त्यामानाने कमी, कारण तोवर आल्फी मुलांच्या ओळखीचा झालेला असतो.

आवडला तर पुढचा सायबरमेन-भाग म्हणून 2006 ची जोडी ('राइज ऑफ द सायबरमेन' आणि 'द एज ऑफ स्टील') लगेच काढू नका. तिथे पात्यांचा आवाज आणि किंकाळ्या गाण्याआडून ऐकू येतात, ते दहा-बाराच्या पुढे बरं. 2014 चा 'डेथ इन हेवन'ही राहू द्या, त्यात कबरींमधून सायबरमेन उठतात.

त्याऐवजी 1967 चा 'द टूम ऑफ द सायबरमेन' घ्या. कृष्णधवल आहे, साधारण 25 मिनिटांचे चार भाग आहेत, चार संध्याकाळी आरामात होतात. बरीच वर्षं तो हरवलेला होता, हाँगकाँगहून प्रती परत आल्या आणि 1992 मध्ये व्हिडिओ कॅसेटवर निघाला. सायबरमॅट पहिल्यांदा आले ते यातच. इथे ते दात नसलेले, जमिनीवरून सरपटणारे चंदेरी किडे आहेत. थडग्याचे कप्पे फोडून सायबरमेन बाहेर येतात तो प्रसंग दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे आहे, तेव्हा त्या संध्याकाळी मुलांच्या शेजारी बसा.